क्लाउड: यंत्राचा धोका गेला, खात्याचा आला

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावर आपला डेटा ठेवणे, अशी कामचलाऊ व्याख्या बहुतेकांच्या मनात असते. ती खोटी नाही, पण तिच्यातून फारसे काही हाती लागत नाही. भाड्याच्या यंत्रावर जागा घेण्याचा व्यवहार १९९०च्या दशकातले वेबसाइटवालेही करत होते आणि त्याला कोणी क्लाउड म्हणत नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निस्ट’ने, सप्टेंबर २०११मध्ये पीटर मेल आणि टिमथी ग्रान्स यांनी लिहिलेली एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यात पाच लक्षणे दिली आहेत. ग्राहकाला कोणाशीही न बोलता हवी ती क्षमता स्वतः घेता यावी. ती नेटवर्कवरून साध्या उपकरणांनी वापरता यावी. पुरवठादाराची साधने अनेक ग्राहकांत वाटून वापरली जावीत. क्षमता झटपट वाढवता-घटवता यावी. आणि वापराची मोजणी व्हावी. पुस्तिका कोरडी आहे, पण आजही या विषयाची सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते.

या पाचांपैकी पहिले आणि शेवटचे लक्षण यंत्राचे नाही, व्यवहाराचे आहे. मध्ये माणूस न येता होणारी खरेदी आणि मीटरप्रमाणे येणारे बिल, यांचा लोखंडाशी संबंध नाही. म्हणजे क्लाउडमध्ये नवे जे आहे त्यातले बरेचसे खातेवहीत घडले आहे. माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. क्लाउडने यंत्र बिघडण्याचा धोका जवळजवळ नाहीसा केला आणि त्याच्या जागी खाते बिघडण्याचा धोका आणून बसवला. खाते म्हणजे लॉगिन, बिल आणि करार, हे तिन्ही. वापरणारे मात्र अजून हार्ड डिस्क उडण्याच्या जुन्या भीतीचाच बंदोबस्त करत बसलेले दिसतात.

वाटून घेण्याचे गणित

एका ताकदवान यंत्राची सॉफ्टवेअरच्या जोरावर अनेक आभासी यंत्रे करायची, हा सगळ्याचा पाया. आयबीएमने १९७२मध्ये व्हीएम/३७० या प्रणालीतून ही युक्ती आपल्या मेनफ्रेमवर विकायला आणली. १९९८मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने ती साध्या इंटेल जातीच्या यंत्रांवर उतरवली. मग २००६ साली ॲमेझॉनने मार्चमध्ये एस-थ्री ही साठवणसेवा आणि ऑगस्टमध्ये ईसी-टू ही तासाच्या बोलीवर मिळणारी यंत्रे बाजारात ठेवली, तेव्हा निस्टने पुढे नोंदवलेली पाचही लक्षणे एका जागी आली.

वाटून घेणे परवडते, कारण सगळ्यांची गर्दी एकाच वेळी होत नाही. दहावीचा निकाल घ्या. राज्य मंडळाचे सुमारे १५ लाख विद्यार्थी, त्यांचे पालक, मामा, काका आणि ज्यांना स्वतःच्या घरात दहावीचे कोणी नाही असे शेजारी, हे सगळे दुपारी एक वाजता त्याच त्या पानावर तुटून पडतात. संध्याकाळपर्यंत ओघ ओसरतो, आणि उरलेले वर्षभर त्या पानाकडे कोणी फिरकत नाही. या एका दुपारसाठी यंत्रे विकत घ्यावीत तर ती वर्षभर धूळ खाणार. न घ्यावीत तर पान उघडता उघडत नाही. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना हा दुसरा प्रकार चांगला परिचयाचा आहे.

हे सूत्रात मांडता येते. खरेदी, वीज, एसी आणि सांभाळणारा माणूस धरून स्वतःच्या यंत्राचा तासाचा खर्च १ मानू. तेवढ्याच क्षमतेच्या भाड्याच्या यंत्राचा दर त्याच्या ‘क’ पट आहे, आणि एकूण वेळेपैकी ‘व’ एवढ्या अंशापुरतेच यंत्र खरोखर लागते. स्वतःचे यंत्र वापरा किंवा वापरू नका, खर्च १ हा ठरलेला. भाड्याचा खर्च मात्र क गुणिले व. म्हणून ‘व’ हा १ भागिले ‘क’पेक्षा कमी असेल तेवढ्याच वेळी भाडे परवडते. भाडे तिप्पट महाग धरले तरी, दिवसाला आठ तासांहून कमी काम असणाऱ्याला क्लाउड स्वस्त पडतो. निकालाच्या पानाला तर शंभरपट भाडेही चालेल. याउलट ज्याचे यंत्र चोवीस तास सारखेच राबते, त्याला दीडपट भाडेही अंगावर येते.

मोठ्या कंपन्यांचे उलटसुलट वाटणारे निर्णय या एका असमानतेतून उलगडतात. ड्रॉपबॉक्सचा धंदा फायली साठवण्याचा, आणि साठवलेली फाइल चोवीस तास जागा अडवते. तिथे ‘व’ जवळपास १. त्या कंपनीने २०१५-१६च्या सुमारास ॲमेझॉनवरचा आपला बहुतेक डेटा स्वतःच्या यंत्रांवर हलवला आणि २०१८मध्ये शेअर बाजारात उतरताना, यातून दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचल्याचे कागदोपत्री दाखवले. बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ३७सिग्नल्सचे २०२२ सालचे क्लाउड बिल सुमारे ३२ लाख डॉलर होते. तीही बाहेर पडली. नेटफ्लिक्स मात्र आत गेली. २००८मध्ये डेटाबेस बिघडून तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत, तेव्हा तिने स्थलांतर सुरू केले आणि ते जानेवारी २०१६मध्ये संपवले. पण यातली गंमत अशी की, शिफारशी, शोध, हिशेब असे चढउताराचे काम ॲमेझॉनवर चालते. प्रत्यक्ष चित्रपट मात्र ‘ओपन कनेक्ट’ नावाच्या नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या पेट्यांतून येतो. एकाच कंपनीने आपल्या दोन प्रकारच्या कामांना दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. ‘क्लाउडवर जावे की नाही’ हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे. कोणते काम न्यावे, एवढेच विचारता येते.

लहान व्यावसायिकाला हे गणित क्वचितच लागते. पाच माणसांच्या कर सल्लागाराच्या कार्यालयात ‘टॅली ऑन क्लाउड’ येते ती पैसे वाचवायला नाही. २० तारखेला जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरायचे असते, एक मुलगी घरून काम करत असते आणि ग्राहकाला आपल्या दुकानातून नोंदी करायच्या असतात, म्हणून येते. कारण रास्त आहे. फक्त विकत काय घेतले हे माहीत असावे. या नावाने मिळते ते बहुतेक वेळा टॅलीचे काही नवे रूप नसते. कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या विंडोज सर्व्हरवर नेहमीचीच टॅली टाकलेली असते, रिमोट डेस्कटॉपने ती आपल्या पडद्यावर दिसते, आणि त्याच सर्व्हरवर आणखी बऱ्याच जणांच्या कंपन्या नांदत असतात. बॅकअप कोण घेतो, कुठे ठेवतो आणि शेवटचा कधी उघडून पाहिला होता, याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ‘सगळे ऑटोमॅटिक आहे, सर’ हे उत्तर नव्हे.

वीज आणि ठेव

१९६१मध्ये एमआयटीच्या शताब्दी समारंभात संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी भाकीत केले होते की गणनशक्ती एक दिवस टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होईल. पुढे टेलिफोनच्या जागी विजेची उपमा रूढ झाली. निकोलस कार यांनी २००८मध्ये तिच्यावर अख्खे पुस्तक लिहिले. घरोघरी जनित्र ठेवायचे दिवस गेले, तसे घरोघरी सर्व्हर ठेवायचेही जातील, असा तो युक्तिवाद. विक्रेते आजही तो ऐकवतात.

युक्तिवाद अर्धा खरा आहे. एका यंत्रावर केलेली बेरीज दुसऱ्या यंत्रावरही तीच येते. गणनशक्तीचा एक तास दुसऱ्या तासाच्या जागी चालतो, जसे विजेचे एक युनिट दुसऱ्याच्या जागी चालते. पण महावितरणकडून आपण वीज फक्त घेतो, त्यांच्याकडे काही ठेवायला देत नाही. बिल थकले आणि कनेक्शन तोडले तर अंधार होईल; कपाटातले कागद आणि दागिने जागच्या जागी राहतील. क्लाउडमध्ये कनेक्शन आणि कपाट एकच आहे. माझ्या फोटोंच्या जागी दुसऱ्याचे तेवढेच फोटो चालत नाहीत. क्लाउडचे बहुतेक फायदे गणनशक्तीच्या बाजूने येतात आणि बहुतेक संकटे साठवणीच्या बाजूने. दोन्हींचे बिल एकत्र येते, म्हणून दोन्ही एकच वाटतात.

टिकणे, मिळणे, परत येणे

साठवणीबद्दल बोलताना तीन वेगळे गुण एका ‘सेफ’ या शब्दात कोंबले जातात.

पहिला गुण टिकाऊपणा. एस-थ्रीची रचना वर्षाला ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणासाठी केलेली आहे. ॲमेझॉनच्याच उदाहरणाने सांगायचे तर, १ कोटी फायली ठेवल्या तर सरासरी १०,००० वर्षांत एक गमवावी लागेल. हे साधते ते असे: प्रत्येक फाइल एकमेकांपासून दूर असलेल्या निदान तीन केंद्रसमूहांत विभागून ठेवली जाते, तिची बेरीज-खूण (चेकसम) वारंवार तपासली जाते आणि एखादी डिस्क मेली की उरलेल्या प्रतींवरून नवी प्रत आपोआप बांधली जाते. हा गुण सेवेत विकत घ्यावा लागतो, नुसत्या क्लाउड या नावाने तो मिळत नाही. १० मार्च २०२१ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली, तेव्हा ज्यांची एकुलती एक प्रत त्या इमारतीत होती त्यांची ती गेलीच.

दुसरा गुण उपलब्धता. फाइल आहे, पण आत्ता मिळते का? ९९.९ टक्के उपलब्धतेचे आश्वासन ऐकायला भारदस्त वाटते. ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ४३ मिनिटे बंद राहिले तरी करार मोडत नाही, असा होतो. मोडला तर भरपाई बिलातल्या सवलतीची. तुमचा बुडालेला दिवस कोणी भरून देत नाही. २८ फेब्रुवारी २०१७ला ॲमेझॉनच्या एका अभियंत्याने आज्ञेतला एक तपशील चुकीचा टाकला, ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर उतरले आणि अमेरिकेतल्या एका विभागातली एस-थ्री सुमारे चार तास ठप्प झाली. सेवा नीट आहे की नाही हे सांगणारा ॲमेझॉनचा स्वतःचा फलकही एस-थ्रीवरच अवलंबून होता. त्यामुळे तोही बदलता येईना.

तिसरा गुण सगळ्यांत कमी चर्चेचा आणि सगळ्यांत गरजेचा: आपणच घोळ घातल्यावर मागे फिरता येणे. टिकाऊपणाचे अकरा नऊ इथे उपयोगी पडत नाहीत, कारण पुसण्याची आज्ञाही तितक्याच निष्ठेने सगळ्या प्रतींपर्यंत पोहोचते. फोन भरल्याची सूचना आली की काय होते ते पाहा. गुगल फोटोजमध्ये दोन वाटा आहेत. ‘जागा मोकळी करा’ ही सोय वापरली तर क्लाउडवर चढलेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत जाते. पण माणूस सवयीने पाच-पन्नास फोटो बोटाने निवडतो आणि कचरापेटीचे चिन्ह दाबतो. तेव्हा फोटो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, नंतर कायमचा संपतो. ‘मी तर फोनमधून काढले होते, क्लाउडवर असतीलच’ हे वाक्य साधारणपणे तिसऱ्या महिन्यात ऐकू येते. दोन जागी सारखेच दिसणे याला सिंक म्हणतात. बॅकअप म्हणजे एका जागी घडलेले दुसऱ्या जागी न पोहोचणे. दोन्हींचा हेतू नेमका उलटा आहे आणि दोन्ही एकाच ॲपमध्ये एकाच ढगाच्या चित्राखाली मिळतात.

परत येण्यात वेळही मोजावा लागतो. एक टेराबाइट म्हणजे आठ लाख कोटी बिट. सेकंदाला १०० मेगाबिटची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी तेवढा डेटा उतरवायला २२ तासांवर लागतात. चढवण्याचा वेग १० मेगाबिट असेल तर पहिला बॅकअप पूर्ण व्हायला नऊ दिवस. फोटोग्राफीच्या स्टुडिओने हा हिशेब लग्नसराईच्या आधी करावा.

खाते

क्लाउडचे थर पुरवठादार तीन सांगतात: कोरी यंत्रे, त्यांवर चढवलेला तयार मंच, आणि जीमेलसारखे तयार सॉफ्टवेअर. जसजसे वर जावे तसतसे पुरवठादाराचे काम वाढते आणि ग्राहकाचे घटते. पण सर्वांत वरच्या थरावरही दोन गोष्टी ग्राहकाच्याच राहतात: आत कोणाला येऊ द्यायचे आणि आत काय ठेवायचे. दरोडे पडतात ते बहुधा याच दारातून. २०१९मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या सुमारे १० कोटी अमेरिकी ग्राहक-अर्जदारांची माहिती गेली. त्यासाठी डेटा सेंटरची भिंत फोडावी लागली नाही. बँकेच्याच एका फायरवॉलची मांडणी चुकली होती.

खाते किती नाजूक असते हे २०१४च्या जूनमध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीला कळले. प्रोग्रॅमरांचा मजकूर सांभाळणे हाच तिचा धंदा. हल्लेखोराने तिच्या ॲमेझॉन खात्याचा ताबा मिळवून खंडणी मागितली. कंपनीने खाते परत घ्यायचा प्रयत्न करताच त्याने एकेक करून यंत्रे, डेटा आणि बॅकअप पुसले. बॅकअप होते, नियमित होते, फक्त त्याच लॉगिनच्या आवाक्यात होते. कंपनी तिथेच बंद पडली. एकही डिस्क बिघडली नव्हती.

मे २०२४मधले युनिसुपरचे प्रकरण आणखी बोलके आहे, कारण तिथे चोर नव्हताच. सहा लाखांहून अधिक सभासदांचा हा ऑस्ट्रेलियन निवृत्तिवेतन निधी गुगल क्लाउडवर होता. त्याची यंत्रणा उभी करताना गुगलच्या अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिला आणि तिला आपोआप एक वर्षाची मुदत लागली. वर्ष संपले, यंत्रणा पुसली गेली. सुमारे आठवडाभर सभासदांना आपले खाते पाहता येईना. वेगळे ठेवलेले बॅकअप होते म्हणून सगळे पुन्हा उभे राहिले. हा बिघाड यंत्राचा नव्हता, एका नोंदीचा होता.

आणि करार? जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाने मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीवर, तिच्यातल्या रशियन भागीदारीमुळे, निर्बंध लादले. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांची ईमेल आणि टीम्स बंद. पैसे भरलेले होते, असे नायराचे म्हणणे. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा सुरू झाल्या. निर्बंधांच्या बऱ्यावाईटात मी शिरत नाही. इथे एवढेच पाहायचे की भारतीय कंपनी, भारतीय कर्मचारी, भारतात चालणारे काम, आणि बंद करण्याची कळ मात्र दुसऱ्या कायद्याच्या हाती.

डेटा देशात ठेवण्याचे नियम यावर अर्धाच उपाय आहेत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच साठवण्याचा आदेश काढला. कंपन्यांच्या हिशेबांच्या नियमांत ऑगस्ट २०२२मध्ये दुरुस्ती होऊन भारतातल्या सर्व्हरवरचा बॅकअप रोजच्या रोज घेणे बंधनकारक झाले. जागेची अडचणही उरलेली नाही: मायक्रोसॉफ्टची पुण्यातली केंद्रे २०१५पासून, ॲमेझॉनची मुंबईतली २०१६पासून, गुगलची २०१७पासून चालू आहेत, आणि ऐरोली ते महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती एकीला लागून एक उभ्या आहेत. पण डेटा महाप्यात असला म्हणून खाते महाप्यात येत नाही. जागा आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपले नियम अजून मुख्यतः जागेबद्दल बोलतात.

एन्क्रिप्शनचेही तसेच. ‘तुमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे’ हे वाक्य बहुधा खरे असते. त्याने डिस्क चोरणाऱ्याला काही मिळत नाही. खात्यात शिरलेल्याला मात्र सगळे उलगडूनच दिसते, कारण किल्ली पुरवठादार स्वतः फिरवून देतो. किल्ली आपल्याकडे ठेवायची सोय मिळते. तेव्हा किल्ली हरवली तर पुरवठादारही हात वर करतो. धोका संपत नाही, आपल्या खिशात येतो. रुग्णालयाने आणि वकिलाने हा सौदा करावा असे माझे मत आहे. घरच्या फोटोंसाठी करू नये.

घरगुती वापरात खाते म्हणजे शेवटी एक मोबाइल नंबर. पासवर्ड विसरला की ओटीपी तिथे येतो. जुना नंबर रिचार्ज न केल्याने गेला आणि दुसऱ्याला मिळाला, तर दहा वर्षांची पत्रे आणि फोटो यांच्यावर कुलूप पडते. म्हणून नंबर बदलताना बँकेइतक्याच तातडीने ईमेल खात्यातला नंबर बदला, आणि खात्याचे बॅकअप कोड कागदावर छापून घरात ठेवा. महत्त्वाच्या फोटोंची एक प्रत या खात्याच्या पूर्ण बाहेर, साध्या बाह्य डिस्कवर, वर्षातून दोनदा उतरवा. अशी डिस्क अकरा नऊ टिकणार नाही. तिचे लॉगिन नसते, एवढे पुरे.

राहिला प्रश्न माणूस गेल्यानंतरचा. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसायला गुगलने डिसेंबर २०२३पासून सुरुवात केली. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १४ने आपल्या पश्चात हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नेमण्याचा अधिकार दिला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण त्याची वाट पाहायचे कारण नाही. गुगलच्या खात्यात निष्क्रिय खात्याची व्यवस्था लावण्याची सोय २०१३पासून आहे: ३ ते १८ महिने खाते पडून राहिले तर कोणाला कळवायचे आणि काय द्यायचे, हे १० जणांपर्यंत ठरवता येते. ॲपलने अशीच सोय डिसेंबर २०२१मध्ये दिली. बँकेच्या ठेवीवर नॉमिनी घालायला आपण विसरत नाही. आज घरातल्या मोठ्यांचा फोन हातात घ्या, त्यांना शेजारी बसवा आणि इथेही एक नाव घालून टाका.